धुतलेल्या बोअरखालचा विस्तव

सगीरा शेख करते तरी काय, असं देवगाव रंगारीत कुणी विचारलं की दोन उत्तरं मिळायची. शिकलेले म्हणायचे, ती भूगर्भशास्त्रज्ञ आहे. बाकीचे म्हणायचे, ती मोटारवाल्या नूरभाईची पोर, औरंगाबादला नोकरीला असते आणि जमिनीला ताप आलाय का ते बघते. आता खरं सांगायचं तर दुसरं उत्तर जास्त बरोबर होतं, आणि सगीरालाही तेच आवडायचं.

जमिनीत जितकं खोल जावं तितका खडक गरम होत जातो. हे सगळ्या जगात सारखंच. पण नुसत्या गरम खडकाला घेऊन काय करायचं? त्याला भेगा हव्यात, भेगांत पाणी हवं, आणि वर झाकण ठेवल्यासारखा घट्ट थर हवा. हे सगळं एका जागी जुळून आलं की समजावं, निसर्गानं खाली आपला बंब पेटवून ठेवलाय. त्यातलं पाणी वर आणायचं, त्याच्या उष्णतेवर शेतमाल सुकवायचा, आणि पाणी फारच तापलेलं निघालं तर त्यावर वीजही करायची. त्याला ना कोळसा लागत, ना धूर होत, ना आभाळ भरून आलं म्हणून तो बंद पडत. पंचाईत एवढीच, की बंब डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सगीरा संगणकावर जमिनीचं मॉडेल करायची. जमिनीचे चौकोनी तुकडे कल्पायचे, कुठल्या तुकड्यात कसला खडक, कुठे भेग, कुठून पाणी वाहतं, खालून किती ऊब येते, ते भरायचं आणि हिशेब सोडवायचा. संगणक सांगणार, असं असेल तर वरच्या बोअरमध्ये एवढं तापमान दिसायला हवं. मग गावोगाव जाऊन बोअरमध्ये लांब वायरीला बांधलेला तापमापक सोडायचा आणि खरं काय ते बघायचं. जुळलं तर ठीक, नाहीतर मॉडेल मोडून पुन्हा मांडायचं. लोकांना हे काम रटाळ वाटतं. सगीराला त्यात अशी काही धुंदी चढायची की डब्यातली भाकरी डब्यातच वाळून जायची.

हे खूळ तिच्या डोक्यात घुसलं ते अब्बांच्या दुकानातून. नूरमोहम्मद शेख यांचं देवगावात पाण्यातल्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांत नवी तार भरायचं दुकान होतं. आसपासच्या गावांतल्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या, आणि त्यांत खडकउंबरीच्या मोटारी सगळ्यांत जास्त. नूरभाई वायर उलगडता उलगडता म्हणायचे, "त्या गावात मोटार टिकत नाय. पाणीच खराब हाय." सगीरा दहावीत असताना एकदा त्यांच्याबरोबर उंबरीला गेली. थंडीचे दिवस होते. बोअरमधून पाइप वर ओढत होते, आणि सगीरानं सहज ओल्या पाइपाला हात लावला तर तो ऊन लागला. नूरभाई म्हणाले, मोटार जळाली ना, तिची गरमी. सगीरा म्हणाली, मोटार तर परवाच बंद पडलीय. नूरभाईंनी तिला पाना आणायला पाठवलं आणि विषय संपवला. सगीराचा विषय मात्र तिथंच सुरू झाला. विज्ञानाला प्रवेश, मग शहरात एम. एस्सी., मग तिथल्याच एका संशोधन संस्थेत नोकरी, हे सगळं त्या ऊन पाइपाचा माग काढत काढत झालं.

दहा-बारा वर्षांपूर्वी संस्थेकडे एक संधी आली. साडेसहाशे मीटर खोल चाचणीचा एक बोअर मारायला मंजुरी मिळाली. एकच. त्याच्या तळाशी साठ अंशांच्या वर तापमान मिळालं, तर पुढे उष्णतेवर चालणारं वाळवणगृह आणि त्याहून खोल दुसरा बोअर, वीज होते का ते बघायला. साठच्या खाली मिळालं तर राम राम, विषय बंद. जागा दोन होत्या, आणि निवड एका समितीनं करायची होती. एक दुसऱ्या जिल्ह्यातली, जिथं ऊन पाण्याचं कुंड शेकडो वर्षं सगळ्यांना माहीत होतं. दुसरी खडकउंबरी, जी सगीराशिवाय कुणालाच माहीत नव्हती. उंबरीत कुंड नाही, वाफ नाही, काही नाही. होते ते फक्त आल्याचे मळे आणि भाव पडला की बांधावर फेकून दिलेलं आलं. गरम पाण्यावर आलं सुकवून सुंठ केली तर ते फेकावं लागणार नाही, हे सगीरानं उंबरीत सांगितलं होतं आणि गावानं ते मनावर घेतलं होतं.

तिनं उंबरी आणि शेजारच्या गावांतले बोअर मोजले. नियम तिनं सगळ्यांना बजावून सांगितला होता, की मोजताना मोटार बंद पाहिजे. जाईल तिथं मोटार बंद असायची, चहा तयार असायचा आणि बोअरचं पाणी आरशासारखं स्वच्छ. शेजारच्या गावांत नेहमीसारखे सत्तावीस-अठ्ठावीस अंश. उंबरीत मात्र वरच्या थरापासूनच तीस, तीस, एकीकडे तर चौतीस. हे आकडे तिनं मॉडेलमध्ये भरले आणि पडद्यावर उंबरीच्या शिवाराखाली एक मोठा लालभडक डाग उमटला. सगीरा खुर्चीतून उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा येऊन बसली. डाग होता तिथंच होता. तिचे वरिष्ठ रामकिसन गाडेकर सर चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत राहिले. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते. म्हणाले, "समितीपुढं हेच ठेवा. कुंडवाल्यांना भारी पडेल." आणि जाता जाता पुन्हा वळून म्हणाले, "या डागाची कड इकडे एवढी सरळ का आहे, ते तेवढं बघून ठेवा."

कड खरंच सरळ होती. सुरीनं कापल्यासारखी. सगीराला ती खटकली, पण मनासारखं घडत असलं की माणूस खटकणाऱ्या गोष्टीला जरा बाजूला बस म्हणतो. तिनंही तेच केलं.

समितीची बैठक दहा-बारा दिवसांवर होती. शुक्रवारी ती एसटीनं देवगावला गेली. नूरभाई नमाजहून येऊन दुकानात बसले होते आणि समोरच्या बाकावर उंबरीचे कडूबा मोटार दुरुस्तीला घेऊन आले होते. कडूबा म्हणजे अघळपघळ माणूस. सगीराला बघून त्यांना भरतंच आलं.

"पोरी, तू आली होती तव्हा पाणी कसं होतं आमचं? गढूळ दिसलं का थेंब तरी?"

"नाही काका. एकदम स्वच्छ होतं."

"असणारच. पहाटं लाईट आली तशी मोटार लावली आन् तू येस्तोवर बोअर धुतला. समद्या उंबरीनं धुतले. नूरभाईचा फोनच होता ना तसा. त्या पल्याडच्या गावायला नाय जमलं. त्यायच्या फीडरला दुपारची लाईट. त्यायनं तुला तसंच शिळं पाणी दावलं असंल."

सगीराच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला. तिला एकाच क्षणात सगळं दिसलं. मोटार तासन्‌तास चालली की वरचं गार पाणी निघून जातं आणि खालचं ऊन पाणी वर येऊन भरतं. मग तापमापकाला वरपासून खालपर्यंत सगळं ऊनच दिसणार. तो लाल डाग उंबरीच्या जमिनीचा नव्हताच. तो उंबरीच्या पाहुणचाराचा होता. आणि ती सरळ कड? ती विजेच्या फीडरची हद्द होती, अलीकडच्या लाइनीला पहाटे लाईट, पलीकडच्या लाइनीला दुपारी.

कडूबा गेल्यावर तिनं अब्बांना विचारलं. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवून विचारलं, पण तो चढलाच.

"अब्बा, तुम्ही सगळ्यांना फोन केला होता?"

"हौ. किया ना," नूरभाई म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून कौतुकच होतं. "मैं बोला, मेरी बेटी आरी मोजने कू. बोअर साफ करके रखो. गंदा पानी दिखाते क्या कोई?"

त्यांचंही चुकलं कुठं? उभ्या आयुष्यात त्यांनी गढूळ पाणी देणारा बोअर गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिला नव्हता. मोटार बसवली की पाणी नितळ येईपर्यंत चालवायची आणि मगच हात धुवायचे, हा त्यांचा धर्म. या भागात कुणी बोअर बघायला यायचं असलं की तो आधी धुऊन ठेवायची रीतच होती, पाहुणा यायच्या आधी अंगण झाडतात तशी. इथं तर त्यांची स्वतःची लेक येणार होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सगीरानं त्यांना समजावून सांगितलं. सांगताना तिचा राग वाढत गेला आणि ऐकताना नूरभाईंचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते हातातल्या तांब्याच्या तारेकडे बघत एवढंच म्हणाले, "मतलब मैं तेरा काम बिगाड दिया." त्यावर सगीराला नाही म्हणता आलं नाही, कारण ते खरंच होतं. पण ते ऐकल्यावर तिच्या काळजात जे झालं, ते राग येऊन झालं नव्हतं. ती उठली आणि घरी न जाता उंबरीच्या रस्त्याला लागलेल्या जीपमध्ये जाऊन बसली.

वाटेत तिच्या मनात एक पापी विचार येऊन गेला. समितीतल्या कुणाला उंबरीच्या फीडरची वेळ कळणार होती? लाल डाग तसाच दाखवला तर बोअर उंबरीला मिळणार, हे नक्की. खाली काही निघालं नाही तर म्हणता येईल, जमिनीचा काय भरवसा. हा विचार तिनं जवळजवळ अर्धा रस्ता मनात घोळवला, आणि मग स्वतःचीच शिसारी येऊन झटकून टाकला. तिला खाली काय आहे ते जाणून घ्यायचं होतं. खोट्या डागावर मारलेल्या बोअरनं ते कधीच कळणार नव्हतं.

उंबरीत ती वच्छलाबाईंच्या मळ्यावर उतरली. वच्छलाबाई म्हणजे नाल्याकाठच्या आल्याच्या मळ्याची मालकीण, नवऱ्यामागं शेती एकटीनं रेटणारी, तोंडानं फटकळ. सगीरानं तिथं बांधावर बसून सगळी कर्मकथा सांगितली. वच्छलाबाई आल्याची माती झटकत ऐकत होत्या.

"म्हंजी आमी धुतलं म्हून ऊन लागलं?"

"हो मावशी. धुतलं नसतं तर गार लागलं असतं."

"धुवून ऊन आलं, पर ते आलं कुठनं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "आडात नाय तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

म्हण म्हणून त्या सहज बोलून गेल्या आणि पुन्हा माती झटकायला लागल्या. सगीरा मात्र ताडकन उभी राहिली. बरोबर होतं. पाणी वर खेचल्यानं तिची मापं बिघडली होती, पण खेचलेलं पाणी खालून कुठून तरीच आलं होतं. आता ते किती खालून येतंय, हे खेचूनच कळणार. बोअरला जवळच्या थरातलंच पाणी मिळत असेल, तर मोटार कितीही चालवा, तापमान थोडं चढेल आणि थांबेल. पण त्याला खोलवर गेलेली भेग लागली असेल, तर ते चढतच राहील. म्हणजे जी गोष्ट चुकून झाली होती, तीच आता जाणूनबुजून करायची होती. तिनं बांधावरूनच गाडेकर सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, चूकही आणि उपायही. मग सर म्हणाले, "उद्या मी येतो. गावाला म्हणावं, बोअर दोन दिवस शिवू नका. मग मनसोक्त धुवा."

गावाला सांगायचं काम कुणाचं, यावर चर्चा झालीच नाही. सगीरानं दुकानात फोन केला. नूरभाईंनी आधी घशातल्या घशात काहीतरी पुटपुटून घेतलं, आणि मग उंबरीतल्या एकेका माणसाला असं काही बजावलं की दोन दिवस कुणी मोटारीच्या बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. आल्याला पाणी द्यायची पाळी होती, तरीसुद्धा.

दोन दिवसांनी लाईट यायच्या आधी, पहाटेच्या अंधारातच सगळ्या शांत बोअरमध्ये तापमापक सोडला. अठ्ठावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. लाल डाग मेला. सगीराला ते अपेक्षितच होतं, तरी तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग लाईट आली आणि उंबरीच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. प्रत्येक बोअरच्या पाइपाखाली एकेक बादली आणि बादलीत तापमापक. सगीरा मोटारसायकलवर कडूबांच्या मागं बसून या मळ्यातून त्या मळ्यात फिरत होती. कडूबांचा बोअर तिशीला पोचला आणि तिथंच बसकण मारून राहिला. कडूबांनी बादलीकडे अशा काही नजरेनं बघितलं की जणू पोरगं नापास झालं. पुढचा बोअर थांबला, त्याच्या पुढचाही थांबला. दुपार कलायला लागली आणि सगीराचा धीर सुटत चालला.

नाल्याकाठी गाडेकर सर वच्छलाबाईंच्या बोअरजवळ छत्री घेऊन बसले होते. सगीरा दिसताच हा गंभीर गृहस्थ उभा राहून छत्रीनं खुणा करायला लागला. बत्तीसवरून तेहेतीस, तेहेतीसवरून पस्तीस. ते थांबत नव्हतं. सगीरा बादलीशेजारी चिखलातच बसली. छत्तीस. मग कुणीतरी धावत आलं, की नाल्याच्या वरच्या अंगाला मळा असलेल्या बन्सीच्या बोअरचं पाणीही चढतंय. खालच्या अंगाचा एक बोअरही चढत होता. हे सगळे बोअर नाल्याच्या काठानं एका रेषेत होते. लाईट गेली तेव्हा वच्छलाबाईंचं पाणी चाळिशीला टेकलं होतं, आणि तरी थांबलेलं नव्हतं. सगीराला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि तिनं दोन्ही करून घेतलं.

त्या आठवड्यात तिनं मॉडेल मुळापासून पुन्हा मांडलं. रुंद डागाऐवजी आता नाल्याखालून खोलवर गेलेली एक अरुंद भेग होती, जिच्यातून ऊन पाणी वर चढत होतं. ही भेग घालून हिशेब सोडवला आणि धुतलेल्या बोअरचे आकडे, न धुतलेल्या बोअरचे आकडे, दोन्ही जुळले. असं जुळणं आयुष्यात कितीदा वाट्याला येतं? सगीरा संस्थेच्या जिन्यावरून धावत खाली गेली आणि चहावाल्याला विनाकारण सांगून आली.

समितीपुढं तिनं आधी चूक सांगितली. वडिलांनी फोन केला, गावानं पाहुणचार केला, आणि मी मूर्खासारखी फसले, असं सरळ सांगितलं. एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, "मग आता कशावरून विश्वास ठेवायचा?" सगीरानं भेगेचं चित्र लावलं आणि चढत्या तापमानाची रेघ दाखवली. मग म्हणाली, "भेग अरुंद आहे. जागा थोडी चुकली तरी बोअर कोरडा जाईल. पण लागला तर तळाशी साठच्या वर जाईल, हे मी माझ्या नावावर सांगते." ते हसणारे सभासद नंतर बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. बोअर उंबरीला मिळाला.

मग यंत्र आलं आणि वच्छलाबाईंच्या मळ्याच्या कडेला धडधडायला लागलं. उंबरीत सण लागल्यासारखं झालं. पण नूरभाई काही तिकडं फिरकले नाहीत. कामाची घाई आहे म्हणायचे. दुकानात काम किती होतं ते सगीराला माहीत होतं. खोदाई संपली, मग खडकाचं खरं तापमान मिळावं म्हणून बोअर काही दिवस न शिवता तसाच ठेवला, आणि तापमापक तळापर्यंत सोडायचा दिवस उजाडला. त्या सकाळी ती स्वतः दुकानात गेली, अब्बांच्या हातातला पाना काढून बाजूला ठेवला आणि त्यांना जीपमध्ये बसवून घेऊन आली.

मळ्यात सगळा गाव जमला होता. वायर हळूहळू खाली जात होती आणि गाडेकर सर आकडे वाचत होते. शंभर मीटरवर एकतीस. दोनशेवर सदतीस. तीनशेवर बेचाळीस. सगीराच्या मॉडेलचे आकडे तिला तोंडपाठ होते आणि ती ते सरांच्या आधी ओठांतल्या ओठांत म्हणत होती. चारशेवर ते एका अंशानं मागं पडलं. पाचशेवर पुन्हा बरोबरीला आलं. गावकऱ्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की साठच्या वर जायला पाहिजे, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सहाशेला सर म्हणाले, "साठ." मग वायर तळाला टेकली, सरांनी आकडा एकदा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि यंत्र सगीराच्या हातात दिलं.

अडुसष्ट. मॉडेलनं पासष्ट सांगितले होते.

सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती मात्र त्या आकड्यावरून नजर काढेना. मागं उभे असलेले नूरभाई दोन पावलं पुढं आले. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. आयुष्यभर त्यांनी बोअरच्या कडेला उभं राहून माणसांचे चेहरे बघितले होते. मग ते गावाकडे वळले आणि पाणी लागल्यावर म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाले, "लागलं."

पुढं त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण उंबरीनं एकच गलका केला, आणि तोवर सगीरानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.